हिंगोली जिल्ह्याची कागदपत्रे आणि संगणकीय ग्रंथालयातील शोधव्यवस्था

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. तोपर्यंत हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ व सेनगाव हा सर्व मुलूख परभणी जिल्ह्यात मोडत असे. परभणी जिल्हा १ मे १९६० पूर्वी द्विभाषिक मुंबई राज्यात होता, १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी हैदराबाद राज्यात होता, आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत त्या राज्यावर निजामाची सत्ता होती. हा इतिहास शाळेतील विद्यार्थ्यांनाही ठाऊक आहे. परंतु त्याचा एक परिणाम सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. एखाद्या संगणकीय ग्रंथालयाच्या शोधचौकटीत 'हिंगोली जिल्हा' हे दोन शब्द लिहिले, तर यंत्राच्या दृष्टीने या प्रदेशाचा इतिहास १९९९ पासूनच सुरू होतो. १९६७ साली प्रसिद्ध झालेला परभणी जिल्ह्याचा गॅझेटियर, १९५१ व १९६१ च्या जनगणनेतील परभणीविषयक माहिती, निजामी अमदानीतील उर्दू दप्तर ही सर्व साधने याच भूमीची असूनही त्या दोन शब्दांना ओ देत नाहीत. साधन असते, त्याची प्रतिमाही कोठेतरी महाजालावर ठेवलेली असते. परंतु ज्याला ते हवे असते त्याच्यापुरते ते नसल्यासारखेच होते.

हे असे का होते आणि ते टाळावयाचे झाल्यास संगणकीय ग्रंथालयाची मांडणी कशी करावयास हवी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. ज्यातील ग्रंथ, अहवाल, नकाशे, हस्तलिखिते वा दप्तरे प्रतिमारूपाने अथवा अक्षररूपाने साठविलेली असतात आणि जे घरबसल्या संगणकावर किंवा दूरध्वनीसंचावर उघडता येते, असा संग्रह येथे संगणकीय ग्रंथालय या शब्दाने अभिप्रेत आहे. यंत्रशास्त्राच्या अंगाने आम्ही फार खोलात जाणार नाही. जेवढे ग्रंथपालास, संशोधकास व कागद शोधणाऱ्या सामान्य माणसास कळले पाहिजे तेवढेच सांगावयाचे आहे.

हा प्रश्न केवळ विद्वानांचा आहे असेही नव्हे. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. मराठवाड्यातील मराठा समाजाच्या व्यक्तींना कुणबी जातीचे प्रमाणपत्र देण्याच्या संदर्भात निजामकालीन व त्यानंतरच्या दप्तरांतील पुरावे तपासण्याची कार्यपद्धती ठरविणे, हे तिच्याकडे सोपविलेले कार्य होते. आरक्षणाच्या प्रश्नाचे गुणदोष हा आमचा विषय नाही. त्या निमित्ताने जे घडले ते मात्र ग्रंथालयशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय आहे. खासरापत्रके, पाहणीपत्रके, कूळनोंदवह्या, जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळांच्या प्रवेश-निर्गम नोंदवह्या असे नाना प्रकारचे दप्तर कपाटांतून बाहेर निघाले. उर्दू व मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. पानांच्या प्रतिमा घेतल्या गेल्या व मराठवाड्यातील जिल्हा प्रशासनांनी त्यांपैकी पुष्कळ आपल्या संकेतस्थळांवर ठेवल्या. आपल्या आजोबा-पणजोबांचे नाव शोधणाऱ्या शेतकऱ्याला अशा संग्रहात तीन गोष्टी कळाव्या लागतात : आपल्या गावाचे दप्तर कोणते, ते कोणत्या सालाचे, आणि त्यात आपल्या घराण्याचे नाव कोणत्या पानावर आहे. यांपैकी एकही गोष्ट पानाच्या प्रतिमेतून यंत्रास आपोआप समजत नाही. प्रतिमा ही यंत्राच्या लेखी काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची जाळी होय. तिच्यासोबत माणसाने लिहून ठेवलेले वर्णन नसेल, तर दहा हजार पाने ठेवली काय आणि दहा ठेवली काय, शोधणाऱ्याला पहिल्यापासून एकेक पान उलटीत बसण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

एक कागद, अनेक पत्ते

संगणकावर संग्रह लावण्याची जी रीत बहुतेकांच्या अंगवळणी पडलेली आहे ती कपाटाची रीत आहे. जिल्ह्याच्या नावाची एक फाईल, तीत तालुक्यांच्या फाईली, तीत गावांच्या, तीत वर्षांच्या. लाकडी कपाटात दुसरा उपाय नसतो, कारण एक पुस्तक एका वेळी एकाच फळीवर राहू शकते. तरीही जुन्या ग्रंथपालांनी या अडचणीवर तोड काढली होती. पुस्तक एका जागी, परंतु त्याची पत्रे अनेक : एक लेखकाच्या नावाचे, एक शीर्षकाचे, एक वा अधिक विषयांचे, शिवाय एका नावावरून दुसऱ्या नावाकडे पाठविणारे 'पाहा' पत्र निराळेच. संगणकाने ही सोय अमर्याद केली असताना आपण मात्र त्याला पुन्हा कपाट करून ठेवतो, हे नवलाचे आहे.

शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. वाचकाचा वेळ वाचवावा, हा त्यांतील चौथा नियम होय. १९३३ साली त्यांनी द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध केली व पुढे तिला व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काल या पाच मूलपैलूंची बैठक दिली. विषयाला झाडाच्या फांदीसारखा एकच मार्ग नसून त्याला अनेक बाजू असतात, आणि कोणत्याही बाजूने त्याच्यापाशी पोहोचता आले पाहिजे, हे या पद्धतीचे मर्म. वसमत भागातील हळदीच्या पानांवरील करपा रोगाविषयी एक पुस्तिका आहे असे समजा. पीक हळद, अवयव पान, क्रिया रोगनियंत्रण, स्थळ वसमत, काळ अमुक वर्ष. हे पाच पैलू वेगवेगळे नोंदलेले असतील, तर हळदीचा अभ्यासक, वनस्पतिरोगांचा अभ्यासक आणि वसमत तालुक्याचा इतिहास लिहिणारा हे तिघेही आपापल्या वाटेने तेथे पोहोचतात. रंगनाथनांच्या हयातीत ही पद्धती पत्रांच्या पेट्यांत राबविणे कष्टाचे होते. संगणकाला ते सहज साधते. आज अनेक संकेतस्थळांवर डाव्या बाजूस विषय, स्थळ, काळ, भाषा यांच्या चाळण्या दिसतात, त्यांच्यामागे हाच पैलूंचा विचार आहे.

स्थलनामे

सर्वांत अधिक घोटाळा स्थलनामांचा होतो, आणि हिंगोली जिल्ह्यात तर त्याचे नमुने पदोपदी सापडतात. वसमत हे गाव बसमत, बसमथ, वसमतनगर अशा अनेक रूपांत आढळते. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी पुस्तकांत हिंगोलीच्या शेवटी आजच्याप्रमाणे एक 'आय' नसून दोन 'ई' असतात. हैदराबाद कंटिंजंटची छावणी येथे असल्यामुळे त्या काळच्या इंग्रजी लेखनात हे नाव वारंवार येते आणि आजच्या वर्णाक्षरांनी शोधणाऱ्याच्या हातून ते सारे निसटते.

औंढा नागनाथाचे उदाहरण याहून बोलके आहे. औंढा, औंढे, आवंढा अशी रूपे मराठीतच आहेत. रोमन लिपीत लिहिताना शेवटचा स्वर गळला की सातारा जिल्ह्यातील औंध संस्थान समोर उभे राहते, आणि तेथील चित्रसंग्रह व राजघराणे यांच्या गर्दीत नागनाथाचे देवालय लुप्त होते. आमर्दक हे प्राचीन नाव याच स्थानाचे असे अभ्यासक मानतात. तेव्हा शैव संप्रदायांच्या इतिहासाची साधने त्या नावाखाली गेलेली असतात. आता यात आणखी एका विषयाची भर पडली आहे. गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा औंढा नागनाथ परिसरात उभारावयाची असून एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मान्यता दिली. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाणारे देवस्थान आणि चार किलोमीटर लांबीच्या भुजांची वेधशाळा ही दोन्ही 'औंढा' या एकाच शब्दाखाली येतात. स्थळाची चाळणी येथे पुरी पडत नाही; विषयाची चाळणी जोडीला हवीच.

नरसीची गोष्ट याच्या उलट आहे. तेथे एका जागेची अनेक नावे नसून एका नावाच्या अनेक जागा आहेत. हिंगोली तालुक्यातील नरसी नामदेव प्रसिद्धच आहे. नांदेड जिल्ह्यात नायगावजवळ दुसरी नरसी आहे. संत नामदेवांच्या चरित्रांत येणारे 'नरसी बामणी' हे गाव काही जुन्या लेखकांनी कऱ्हाडजवळ असल्याचे लिहिले होते. शिवाय नामदेवांचा जन्म पंढरपुरी झाला असे मानणाराही एक पक्ष आहे. ग्रंथालयाने या वादाचा निकाल लावण्याचे कारण नाही. त्याने एवढेच करावे की प्रत्येक नरसीला स्वतंत्र ओळख द्यावी आणि लेखकाने आपल्या ग्रंथात जी नरसी मानली असेल तिच्याशी तो ग्रंथ जोडावा.

यावर उपाय म्हणजे अधिकृत नामसूची. प्रत्येक गावास एक संकेतांक असावा व त्याखाली त्याची सर्व ज्ञात रूपे लिहावीत : मराठी, उर्दू उच्चाराप्रमाणे, जुनी व नवी रोमन रूपे, प्राचीन नाव. २०११ च्या जनगणनेने प्रत्येक गावाला सहा अंकी संकेतांक दिलेला आहे. नवा संकेतांक निर्माण करण्यापेक्षा तोच वापरणे शहाणपणाचे. त्याच नोंदीत ते गाव कोणत्या काळात कोणत्या तालुक्यात, जिल्ह्यात व राज्यात होते हेही लिहावे. असे केले म्हणजे आरंभी सांगितलेली परभणीची अडचण बहुतांशी सुटते. कारण 'हिंगोली जिल्हा' असे विचारताच यंत्र शब्द शोधीत नाही, तर आज त्या जिल्ह्यात असलेल्या गावांचे संकेतांक शोधते, आणि ते संकेतांक १९६१ च्या पुस्तिकेशीही जोडलेले असतात. पिंपळगाव, सावरगाव, वडगाव अशा नावांची गावे मराठवाड्यात जागोजागी असल्यामुळे, तालुका न लिहिता नुसते गावाचे नाव लिहिण्याची सवय मात्र कटाक्षाने सोडावी लागेल.

नामदेव कोणते ?

व्यक्तिनामांचीही हीच स्थिती. नामदेवांचा काळ परंपरेने १२७० ते १३५० असा मानला जातो. त्यांच्या नावावरील रचना 'नामा', 'नामदेव', 'विष्णुदास नामा' अशा मुद्रांनी येतात. त्यांपैकी विष्णुदास नामा हा त्यांच्यानंतर झालेला निराळा कवी असून त्याच्या रचना नामदेवांच्या गाथेत मिसळल्या आहेत, हे संशोधकांनी पुष्कळ चर्चेअंती दाखविले आहे. महाराष्ट्र शासनाने १९७० साली प्रसिद्ध केलेल्या गाथेच्या संपादनातही हा मिश्रणाचा प्रश्न टळलेला नव्हता. दुसरीकडे गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे समाविष्ट आहेत आणि तेथे त्यांचा उल्लेख भगत नामदेव असा होतो. पंजाबी व हिंदी ग्रंथांच्या वर्णनात तेच नाव राहते. जनाबाईच्या अभंगांतील 'नामयाची दासी' या मुद्रेमुळे तिचे अभंगही 'नामा' शब्दाच्या शोधात ओढले जातात.

अशा ठिकाणी केवळ अक्षरांवर विसंबणारा शोध एकाच वेळी दोन अपराध करतो : हवे ते गाळतो आणि नको ते आणतो. अधिकृत व्यक्तिसूचीत संत नामदेव, विष्णुदास नामा व जनाबाई यांना तीन स्वतंत्र नोंदी देऊन प्रत्येकीखाली पर्यायी नावे लिहिली, आणि जेथे कर्तृत्व वादग्रस्त आहे तेथे तसे स्पष्ट नोंदविले, म्हणजे औंढ्याच्या विसोबा खेचरांविषयीचे साधन शोधणारा वाचकही नामदेवांच्या नोंदीवरून तिकडे सहज वळू शकतो. जुन्या पत्रपेटीतील 'हेही पाहा' या पत्राचे हेच काम होते.

अक्षर एक, संकेत दोन

आता मराठी लेखनाच्या ज्या खास अडचणी आहेत त्यांकडे वळू. परदेशात तयार झालेल्या ग्रंथालय-प्रणाल्या आपण जशाच्या तशा घेतो. उदाहरणार्थ डीस्पेस ही प्रणाली २००२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी व ह्यूलेट-पॅकार्ड यांनी निर्माण केली, तर ग्रीनस्टोन ही न्यूझीलंडमधील वायकाटो विद्यापीठात घडली. दोन्ही उपयुक्त व मुक्त आहेत. परंतु मराठी शब्दाची चाल त्यांना कोणीतरी शिकवावी लागते.

पहिली अडचण संकेतांची. यूनिकोड या जागतिक वर्णसंकेतात देवनागरीस १९९१ पासून स्थान आहे. परंतु त्यानंतरही कित्येक वर्षे आपली कार्यालये व मुद्रणालये जुन्या टंकांतच अक्षरे जुळवीत होती. त्या टंकांत पडद्यावर 'शेतकरी' दिसत असले, तरी आत रोमन वर्णांची निरर्थक माळ असते, आणि शोधयंत्र ती माळच वाचते. अशा धारिका यूनिकोडमध्ये परिवर्तित केल्याशिवाय त्यांचा अक्षरशोध अशक्य आहे. बरे, यूनिकोडमध्येही सर्व सुरळीत आहे असे नाही. 'शेतकऱ्यांचे' हा शब्द घ्या. यातील अर्धा र दोन प्रकारे टंकित करता येतो : नुक्त्याच्या 'ऱ' ने, अथवा साध्या 'र' ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखे. यंत्राला ते दोन भिन्न शब्द. कृषिविषयक संग्रहात याच एका शब्दापायी किती कागद हरवत असतील याची कल्पना करावी. 'ॲक्ट', 'ॲग्रिकल्चर' यांतील आद्य स्वराचेही तसेच. त्यासाठी स्वतंत्र संकेत २००८ साली आला, तत्पूर्वीचे लेखन 'अ' वर चंद्र देऊन केलेले आहे. १९६७ हा आकडा देवनागरीत लिहिला काय अथवा आंतरराष्ट्रीय अंकांत लिहिला काय, वाचकाच्या दृष्टीने भेद नाही. यंत्राच्या दृष्टीने आहे. यास्तव संग्रहात येणारा प्रत्येक शब्द आणि वाचकाने लिहिलेला प्रत्येक प्रश्न ही दोन्ही एकाच ठरीव रूपात आणून मग त्यांची गाठ घालावी लागते.

दुसरी अडचण शुद्धलेखनाची. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनविषयक चौदा नियम १९६२ साली मान्य झाले व १९७२ साली आणखी चार नियमांची त्यांत भर पडली. त्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वारांना रजा दिली. त्यापूर्वीच्या ग्रंथांत 'गांव', 'नांव', 'कांहीं', 'नाहीं' असे लिहिलेले असते. आजचा विद्यार्थी 'गाव' असे लिहून शोधतो आणि १९६२ पूर्वीचे अर्धे वाङ्मय त्याला दिसत नाही. शोधयंत्राने असे अनुस्वार व ऱ्हस्व-दीर्घाचे भेद बाजूस ठेवून जुळणी करावी, हा उपाय उघड आहे. पण त्याचेही भान ठेवले पाहिजे. दीर्घत्व सर्वस्वी पुसून टाकले तर 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब हे एकरूप होतील. म्हणून जे तंतोतंत जुळते ते वर व जे सैल जुळते ते खाली, असा क्रम लावणे इष्ट.

तिसरी व सर्वांत दुर्लक्षित अडचण सामान्यरूपाची. इंग्रजी शब्दाला फार तर एखादा प्रत्यय लागतो. मराठी नाम विभक्ती लागण्यापूर्वीच आपले अंग बदलते. औंढा या नावाचे 'औंढ्याच्या' होते, देऊळ याचे 'देवळात', पाऊस याचे 'पावसाने', हळद हिचे 'हळदीला'. शब्दाच्या शेवटास चिकटलेला प्रत्यय कापून टाकण्याची इंग्रजी युक्ती येथे अपुरी पडते, कारण 'देवळा' उरला तरी तो 'देऊळ' होत नाही. मराठी व्याकरणाच्या जाणकाराने सामान्यरूपांचे नियम व अपवादांची सूची तयार करून दिली, तरच हे साधेल. विद्यापीठांतील मराठी विभागांनी अंगावर घ्यावे असे हे काम आहे. संगणकतज्ज्ञाकडून त्याची अपेक्षा करणे व्यर्थ होय.

जाता जाता वर्णानुक्रमाविषयी एक शब्द. यूनिकोडमध्ये 'ळ' हा 'ल' च्या पाठोपाठ येतो. मराठी वर्णमालेत तो 'ह' नंतर येतो, आणि त्यामागून 'क्ष' व 'ज्ञ'. संकेतांच्या क्रमाने लावलेली सूची मराठी वाचकाला अनोळखी वाटते. मराठीचा क्रम यंत्रास सांगता येतो, तेवढे मात्र करून घ्यावे.

मोडी लिपीस २०१४ साली यूनिकोडमध्ये स्थान मिळाले. तथापि हस्तलिखित मोडीचे यंत्रवाचन अद्याप भरवशाचे झालेले नाही, आणि शिकस्ता वळणाच्या उर्दूचेही तेच. तेव्हा या दप्तरांच्या बाबतीत संपूर्ण लिप्यंतराचा हट्ट धरू नये. प्रत्येक पानावरील गाव, साल, दप्तराचा प्रकार व व्यक्तिनामे एवढीच देवनागरीत उतरवून घेतली, तरी शोधणाऱ्याचे निम्म्याहून अधिक काम होते. नावे मात्र जशी आहेत तशीच उतरवावीत. आजच्या आडनावाचा तर्क करून मूळ नोंदीत भर घालू नये. तर्क करावयाचाच असेल तर तो वेगळ्या रकान्यात, तर्क म्हणून.

सन आणि तारीख

निजामी दप्तरातील साल फसली असते. फसली सनात ५९० मिळविले असता स्थूलमानाने इसवी सन येतो, आणि निजामी अमलाच्या उत्तरकाळात हे वर्ष ऑक्टोबरच्या आरंभी आजूर महिन्याने सुरू होत असे. म्हणजे १३५७ फसली हे वर्ष ऑक्टोबर १९४७ मध्ये सुरू होऊन पुढच्या ऑक्टोबरात संपले. हैदराबादचा मुक्तिदिन, १७ सप्टेंबर १९४८, याच फसली वर्षात पडतो. पोथ्यांवर व शिलालेखांवर शालिवाहन शक असतो, त्यात ७८ मिळवावे लागतात. काही कागदांवर हिजरी सन असतो. तो चांद्र असल्याने एका बेरजेने काम भागत नाही.

वर्णन करणाऱ्याने कागदावरचा आकडा जसाच्या तसा वर्षाच्या रकान्यात भरला, तर काय गंमत होते पाहा. १३५० फसलीचे पाहणीपत्रक, जे वस्तुतः १९४०-४१ चे आहे, ते नामदेवांच्या समाधीच्या वर्षी जाऊन बसते. यास्तव मूळ कालनिर्देश व त्याचे इसवी रूप असे दोन रकाने असावेत, आणि दुसरा रकाना 'पासून-पर्यंत' अशा दोन तारखांनी भरावा. फसली वर्ष दोन इसवी वर्षांत विभागलेले असते, हे त्यामुळे लपत नाही.

विषयशब्द आणि वर्णनाचे रकाने

वसमत येथील हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या नावात शासनाने 'हरिद्रा' हा शब्द योजला आहे. शब्द सुंदर आहे, परंतु हळद विकावयास निघालेला शेतकरी तो शोधचौकटीत लिहिणार नाही. लोक ज्या शब्दाने वस्तू ओळखतात तो शब्द मुख्य मानावा व संस्कृत, इंग्रजी, शास्त्रीय नावे त्याच्या पोटात घालावीत. सातबारा, फेरफार, पाणलोट, गुंठेवारी हे शब्द असेच. त्यांना कृत्रिम पर्याय शोधण्याची आवश्यकता नाही.

वर्णनाच्या रकान्यांसाठी डब्लिन कोअर ही पंधरा घटकांची यादी जगभर वापरली जाते. हे डब्लिन आयर्लंडातील नव्हे. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील त्या नावाच्या गावी १९९५ साली भरलेल्या परिषदेत तिचा उगम झाला. शीर्षक, कर्ता, विषय, वर्णन, प्रकाशक, तारीख, प्रकार, भाषा, व्याप्ती, हक्क इत्यादी तिचे घटक आहेत. आमच्या मते जिल्ह्याच्या संग्रहाला तेवढे पुरे. त्यापेक्षा अधिक रकाने केले तर ते रिकामे राहतात, असाच अनुभव सर्वत्र दिसतो. धारिकेचे नावही गावाचा संकेतांक, दप्तराचा प्रकार, वर्ष व पानक्रमांक या क्रमाने ठेवावे, म्हणजे वर्णन चुकून विलग झाले तरी कागद अनाथ होत नाही.

शोधगंगेचे उदाहरण

या सर्व विवेचनाची एक चालती कसोटी म्हणून शोधगंगेकडे पाहता येईल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने पीएच. डी. प्रबंधांच्या संगणकीय प्रती सादर करण्याचे बंधन घातले आणि गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राने शोधगंगा या नावाने त्यांचे भांडार उघडले. प्रबंधांची मांडणी विद्यापीठ, मग विभाग वा विद्याशाखा, मग प्रबंध, अशी आहे. आणि प्रत्येक प्रबंध प्रकरणशः निरनिराळ्या धारिकांत ठेवलेला असतो. ही शेवटची योजना आम्हांस विशेष पसंत आहे. मंद गतीच्या जोडणीवर दूरध्वनीसंचावरून वाचणाऱ्या सेनगावच्या विद्यार्थ्याला एक प्रकरण उतरवून घेता येते. पाचशे पानांची एकच धारिका त्याच्या उपयोगाची नसते.

पण मांडणीचा पाया संस्था हाच असल्यामुळे, संस्थांचा इतिहास ठाऊक नसलेल्याची फसगत होते. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झाले. त्यापूर्वी हिंगोली परिसरातील महाविद्यालये १९५८ साली औरंगाबाद येथे स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न होती, आणि त्या विद्यापीठाचेही नाव १९९४ साली बदलले. नामदेवांवरील किंवा पूर्णा खोऱ्यातील शेतीवरील प्रबंध शोधणाऱ्याने केवळ नांदेडच्या यादीवर समाधान मानले, तर आधीच्या पिढीचे काम त्याच्या नजरेआड राहते. शिवाय मराठी प्रबंधांची शीर्षके कोठे देवनागरीत व कोठे रोमन लिपीत असल्यामुळे एकच शब्द दोन्ही लिपींत शोधून पाहावा लागतो. मार्गदर्शकांनी विद्यार्थ्यांना हे सांगून ठेवावे.

वाचकाकडून शिकणे

कोणती व्यवस्था चांगली, हे ठरविण्याचा अधिकार अखेर वाचकाचा. त्यासाठी मोठ्या पाहण्यांची गरज नाही. प्रत्येक संगणकीय ग्रंथालयास वाचकांनी काय लिहून शोधले व त्यांतील कोणत्या प्रश्नांना एकही उत्तर मिळाले नाही, याची यादी आपोआप ठेवता येते. निष्फळ प्रश्नांची ही यादी ग्रंथपालाने दर महिन्यास वाचावी. 'बसमत' लिहिणाऱ्यास काही मिळाले नसेल, तर दोष त्याचा नव्हे. नामसूचीत ते रूप त्याच दिवशी घालावे. त्याबरोबरच एखादा शिक्षक, एखादा तलाठी, महाविद्यालयातील दोन-तीन विद्यार्थी यांना बसवून ठरावीक कागद शोधावयास सांगावे व मध्ये न बोलता पाहावे. कोठे अडले, हे त्यांना विचारण्यापेक्षा बघितल्यानेच अधिक कळते.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. संकेतस्थळाची नवी बांधणी झाली की जुने दुवे तुटतात आणि प्रबंधात दिलेला पत्ता निरुपयोगी ठरतो. म्हणून प्रत्येक कागदास कायमचा क्रमांक द्यावा व तो कधीही बदलू नये. जन्ममृत्यूच्या व जातीच्या नोंदींत हयात व्यक्तींची माहिती असेल, तर ती सर्वांस खुली करण्यापूर्वी स्वतंत्र विचार व्हावा; शोध सुलभ होतो तेव्हा दुरुपयोगही सुलभ होतो.

हे काम करणार कोण, असा प्रश्न विचारला जाईल. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली, तेव्हा त्यांच्या हाताशी संगणक नव्हता. ग्रंथालयांच्या कायद्याच्या बाबतीतही हा प्रदेश मागे नव्हता. हैदराबाद राज्याने १९५५ सालीच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला होता, महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. हिंगोली जिल्ह्यात सुमारे सातशे गावे आहेत. त्यांची अधिकृत नामसूची, पर्यायी रूपांसह, हा या सर्व खटाटोपाचा पहिला टप्पा होय. गावोगावच्या शासनमान्य ग्रंथालयांचे ग्रंथपाल आपापल्या परिसरातील नावांची बोली रूपे सांगू शकतील, उर्दू जाणणारी वृद्ध मंडळी अजून तालुक्यांच्या ठिकाणी आहेत, आणि विद्यापीठातील मराठी, इतिहास व ग्रंथालयशास्त्र या तीन विभागांनी ती सूची तपासावी. कागदांच्या प्रतिमा घेण्याचे काम त्यासाठी थांबविण्याचे कारण नाही. मात्र प्रतिमा घेताना गावाचा संकेतांक त्याच वेळी लिहून ठेवावा. दप्तर परत कपाटात गेल्यावर, कोणते पान कोणत्या गावाचे हे केवळ प्रतिमेवरून ठरविणे फार कष्टाचे होते, आणि पहिले पान सुटलेले असेल तर पुष्कळदा ते ठरविताच येत नाही.